टीव्हीच्या मागच्या बाजूने एक दिवस

सकाळी ७.००

सकाळचा पहिला तास फोनवर जातो. लोक ऑफिसला निघण्याआधी बोलून घेतात. आज पहिला फोन सिंहगड रोडवरून. केबल बंद केली, फायबर घेतलं, त्यासोबत ओटीटीची ॲप मिळाली, मोठा टीव्हीही आला. चित्र झकास. ‘पण ताई, बोललेलं कळत नाही. बोलायला लागले की आवाज वाढवायचा, मारामारी आली की कमी करायचा. आई तर हल्ली उठूनच जाते.’

आई उठून जाते हे वाक्य मी फार घरांत ऐकते, आणि दोष आईच्या कानांचा आहे असं घरच्यांनी तोवर ठरवून टाकलेलं असतं. वयाबरोबर कानाला आधी वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे होतात हे खरंच आहे. स, श, त, ट ही व्यंजनं नेमकी तिथेच असतात. पण केबल असताना याच आई मालिका नीट ऐकत होत्या.

बदल आवाजाच्या घडणीत झालेला असतो. सेट-टॉप बॉक्समधून बहुतेक वाहिन्यांचा आवाज दोनच चॅनेलचा यायचा, आणि वर-खाली फारसा न होता एका पातळीवर चालायचा. स्ट्रीमिंगवर येतो तो सिनेमाच्या पद्धतीचा मिक्स. पुढे डावा, उजवा आणि मधला, बाजूला दोन, शिवाय खर्जासाठी एक वेगळा. हे झालं ५.१. त्यात संवाद जवळपास सगळे मधल्या चॅनेलवर असतात. नेटफ्लिक्स निर्मात्यांकडून संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस मागतं. म्हणजे बोलणं मुद्दाम खाली ठेवायचं आणि वर संगीताला, पावसाला, स्फोटाला जागा मोकळी सोडायची. हे सहा चॅनेल टीव्ही दोनांत कोंबतो, आणि सडपातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आईने उठून जाऊ नये तर काय करावं?

मी त्या गृहस्थांना दोनच गोष्टी विचारल्या. घरात सगळ्यात वयस्कर कोण, आणि त्या कुठे बसतात? खोलीचं माप, बजेट, ब्रँड हे सगळं त्यानंतर.

८.३०

पिशवी भरणं. हॅमर ड्रिल, सहा आणि आठचे बिट, गिट्ट्या, स्ट्रिपर, टेस्टर, मोजपट्टी, सुती दोरी, बॅटरी, बनाना प्लग, एचडीएमआयच्या वेगवेगळ्या लांबीच्या तीन वायरी, छोटा आरसा. आरसा भिंतीला चिकटून बसलेल्या टीव्हीच्या मागची अक्षरं वाचायला लागतो. माझ्याबरोबर काम शिकणारा मुलगा खाली गाडी काढून उभा असतो.

९.३०, सदाशिव पेठ

जुन्या इमारतीचा दुसरा मजला. आजी, त्यांचा कॉलेजात जाणारा नातू, आणि मुंबईहून मुलाने पाठवलेला साउंडबार. बार चांगला आहे, त्याला संवादांसाठी स्वतंत्र मधला स्पीकर आहे. तरीही आजींचं म्हणणं, पहिल्यापेक्षा फरक नाही.

मी आधी काहीही हलवत नाही. वस्तू आहे तशी ऐकायची. नातवाने मालिका लावली, आणि मी बारच्या छोट्या पट्टीवर काय अक्षरं येतात ते पाहिलं. ‘पीसीएम’. म्हणजे टीव्ही सहा चॅनेलचा आवाज स्वतःच दोनांत मिसळून पुढे ढकलतोय, आणि बारचा मधला स्पीकर मिळेल त्यातून काहीतरी वेगळं काढायचा प्रयत्न करतोय. मागे आरसा धरला. बार ऑप्टिकलच्या बारीक वायरीने जोडलेला. ऑप्टिकल काही वाईट नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी आजही चालते. पण तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल जातो. स्ट्रीमिंगवाले वापरतात तो डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. टीव्हीला तो आधी उतरवून घ्यावा लागतो. आणि इथे तर टीव्हीला तेही करू दिलेलं नव्हतं.

टीव्हीला एचडीएमआयची तीन भोकं होती, त्यातल्या एकाशेजारीच ‘एआरसी’ लिहिलेलं होतं. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर ही सोय आली. आत येणाऱ्या वायरीतूनच टीव्हीचा आवाज उलटा बाहेर जातो. पण ती सगळ्या भोकांत नसते, आणि वायर शेजारच्या भोकात बसली तरी चित्रात काही बिघडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑप्टिकल काढून बारची एचडीएमआय वायर त्या भोकात घातली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी. एक सीईसी, म्हणजे टीव्ही आणि बारने एकमेकांशी बोलण्याची सोय, चालू करणं. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक, पण काम तेच. दुसरी डिजिटल आवाजाची, जी ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर न्यायची. बारवर आता ‘डॉल्बी’ आलं.

एवढ्यावर काम संपलं नव्हतं. बार शोकेसच्या खणात दोन बाजूंना पितळी समया आणि वर लाकडी फळी असा अडकलेला होता. आवाज आधी फळीला लागत होता आणि मग बाहेर येत होता. आजींच्या परवानगीने समया वरच्या खणात ठेवल्या आणि बार कडेपर्यंत पुढे ओढला. बारमध्ये संवाद ठळक करण्याची सोय होती, ती चालू केली.

आजींनी नेहमीच्या आरामखुर्चीत बसून दहा मिनिटं मालिका ऐकली. ‘ती सून हळू बोलते, पण आता कळतंय काय म्हणते ते.’ नातवाने हळूच विचारलं, ईएआरसीवाला, म्हणजे एआरसीच्या पुढच्या आवृत्तीचा, नवा टीव्ही घ्यावा लागेल का? नाही. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारा मिक्स, तोसुद्धा डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बसवलेला असतो, आणि तो साध्या एआरसीतून जाऊ शकतो, टीव्ही त्याला वाट देत असेल तर. ईएआरसी खरी लागते ती ब्ल्यू-रेच्या काहीही न गाळलेल्या आवाजाला. ज्या घरात तबकड्या नाहीत तिथे तिच्यासाठी टीव्ही बदलायला मी कधीच सांगत नाही. नातवाने वर तोंड करून आवाज फेकणाऱ्या स्पीकरांचंही विचारलं. त्या स्पीकरांना सपाट, फार उंच नसलेलं छत लागतं, कारण आवाज छताला आपटून खाली यायचा असतो. इथे लाकडी तुळया आणि मध्ये खोल खाचा. तिथे तो आवाज विखुरला असता.

११.३०, तपकीर गल्ली

बाणेरच्या कामासाठी वायर घ्यायची आहे. बुधवार पेठेतल्या या गल्लीत दुकानं आता कुठे उघडतायत, शटरं अर्धी वर, पण स्पीकरची वायर मी इथूनच घेते, कारण इथे वायर कापून दाखवतात.

सोबतच्या मुलाला मी आज हेच शिकवलं. रिळाचं टोक सोलायचं, एक तार वेगळी काढायची आणि ब्लेडने तिच्यावर हलकेच खरवडायचं. आतूनही लालसर दिसली तर तांबं. पांढरट चमक आली तर आत ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम वीज वाहून नेण्यात तांब्याच्या साधारण ६० टक्के. ती वायर वजनाला हलकी लागते आणि दोनचार वेळा वाकवली की तुटते. भिंतीच्या आत गेल्यावर ती बदलायची म्हणजे रंगकामासकट खर्च.

दुसरी शिकवण जाडीची. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम. मागच्या स्पीकरपर्यंत बारा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चोवीस, झाले ०.२९ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला पाच टक्क्यांच्या आत राहिलं की पुरे. म्हणजे दीडची वायर इथे खुशाल चालेल. त्याहून दसपट किमतीच्या, जाळीदार वेष्टनातल्या वायरींनी जास्त काय ऐकू येतं ते मला कुणी अजून दाखवलेलं नाही, आणि गिऱ्हाइकाचा तो पैसा मधल्या स्पीकरवर गेलेला मला जास्त आवडतो.

१२.४५

लॉ कॉलेज रोडने निघालो. एफटीआयआयच्या फाटकावरून जाताना मुलाला सांगितलं की रसूल पूकुट्टी इथेच शिकले, ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं. आवाजाची माणसं एका संवादामागे, एका पावलाच्या आवाजामागे तासन्‌तास घालवतात. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तो वृंद घरी पोचतो तेव्हा शेवटच्या दहा फुटांत त्याची माती होऊ नये, एवढंच आपलं काम. गाडीतच डबा खाल्ला.

१.३०, बाणेर

आजचं मोठं काम. नवरा-बायको दोघंही नोकरीला, नवऱ्याचे वडील, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आणि दोन मुलं. केबल गेल्या महिन्यात बंद केली. आता एव्ही रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. खोकी हॉलमध्ये रांगेने मांडून ठेवलेली.

हॉल चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. खाली विट्रिफाइड टाइल, एका बाजूला गॅलरीची काच, भिंती कोऱ्या. मध्ये उभी राहून मी एकदा टाळी वाजवली. टाळी संपल्यावरही खोली तिचं काहीतरी बोलत राहिली. हा घुमारा स्पीकर कितीही महाग आणला तरी जात नाही. काचेला जाड पडदा, सोफ्यासमोर सतरंजी, आणि आतल्या खोलीत धूळ खात असलेलं पुस्तकांचं कपाट हॉलच्या मागच्या भिंतीला, असं मी सुचवलं. कपाट तर ताईंनी लगेच ओढायला घेतलं.

खरी चर्चा झाली सोफ्यावरून. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, जसा तो आपल्याकडे सगळ्या घरांत असतो. मी म्हटलं, दीड फूट पुढे घेऊ. दादा नाही म्हणाले, येण्याजाण्याची वाट अरुंद होते. मग मी दोरी काढली. मधल्या बैठकीपासून साडेनऊ फुटांवर पुढचे दोन स्पीकर, एकमेकांपासून आठ फूट; म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येकी सुमारे २५ अंश. डॉल्बी २२ ते ३० सांगतं, ते जमलं. बाजूचे स्पीकर कानांच्या रेषेच्या थोडे मागे, साधारण ११० अंशांवर हवेत. या खोलीत म्हणजे कानांपासून दोन फूट मागे. सोफा भिंतीला असेल तर ती जागा थेट कोपऱ्यात येते आणि कोपरा आवाज फुगवतो. पुढे घेतला तर स्पीकरला बाजूची मोकळी भिंत मिळते. दादांनी दोरीकडे पाहिलं, आप्पांना तिथे बसवून पाहिलं, आणि सोफा सरकला. कॉफी टेबल गॅलरीत गेलं, वाट तेवढीच राहिली.

मग ड्रिल, गिट्ट्या, पट्ट्या. इंटिरिअरच्या वेळी टाकलेला पाइप एका बाजूला सिमेंटने बंद झालेला निघाला, तिथे स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी नेली. तीन तास असेच जातात, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मधला स्पीकर मात्र मी स्वतः बसवते. तो टीव्हीच्या खाली, फळीच्या अगदी कडेला, आणि पुढून रबराच्या तुकड्याने किंचित उचललेला, म्हणजे त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे येतं. पुष्कळ जण विचारतात, डावा-उजवा असताना मधला कशाला? सोफ्याच्या मधोमध बसणाऱ्याला खरंच तो फारसा लागत नाही. दोन्हीकडून सारखा आवाज आला की बोलणं मधून आल्यासारखं वाटतं. पण आप्पा बसतात ते सोफ्याच्या डाव्या टोकाला, खिडकीपाशी. तिथे डावा स्पीकर जवळ पडतो आणि पडद्यावरची सगळी माणसं डाव्या कोपऱ्यातून बोलायला लागतात. मधला स्पीकर त्यांना परत त्यांच्या जागी आणतो.

४.३०

रिसीव्हर चालू केला आणि सगळ्या स्पीकरांतून घूंऽऽ. खालच्या पट्टीतला, न हलणारा. आपल्या विजेचे ५० हर्ट्‌झ कुठून तरी आत शिरले की असाच आवाज येतो. मुलगा अर्थिंग तपासायला निघाला, मी आधी टीव्हीच्या मागे हात घातला. केबलवाल्याची काळी कोएक्स वायर अजून टीव्हीला खोचलेली होती. महिनाभरापूर्वी सेवा बंद झाली, बॉक्स परत गेला, वायर तशीच. तिचं जाळीचं आवरण गच्चीवरच्या यंत्राशी जोडलेलं, घराचं अर्थिंग वेगळीकडे. दोन्हींच्या मधून वीज फिरायला वाट मिळाली. वायर उपसली, घूं बंद. केबल सोडलेल्या घरात मी आता ही वायर सुरुवातीलाच बघायला सांगते.

मग मोजणीचा माइक. तो कानांच्या उंचीवर, आधी मधल्या जागी, मग आप्पांच्या, मग मुलांच्या. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर सोडतो आणि अंतर, पातळी मोजतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बाजूचा स्पीकर पुढच्यापेक्षा दीड मीटर जवळ असेल तर त्याला साधारण ४.४ मिलिसेकंद थांबवावं लागतं, म्हणजे सगळे एकदम पोचतात. या वेळी पंखे बंद, फ्रिज बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाट पाहणं. यंत्राचं सगळं मी मानत नाही. त्याने पुढच्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवलं होतं. ते ‘स्मॉल’ केले आणि ८० हर्ट्‌झच्या खालचं सगळं सबवूफरकडे दिलं. मधला स्पीकर यंत्राने दिलेल्या पातळीच्या दोन डेसिबल वर नेला, आप्पांसाठी.

सबवूफरची जागा यंत्राला कळत नाही, ती गुडघ्यांवर शोधावी लागते. चौदा फुटांच्या खोलीत ४० हर्ट्‌झच्या आसपासचा खर्ज दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी दुप्पट होतो आणि मधोमध, सात फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सबवूफर उचलून तात्पुरता सोफ्यावर, जिथे माणूस बसतो तिथे ठेवायचा, तबल्याच्या डग्ग्याचं एखादं ध्वनिमुद्रण लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत जायचं. जिथे डग्ग्याचा घुमारा भरीव आणि मोकळा ऐकू येईल, एका ठोक्यावर दुसरा चढणार नाही, ती त्याची जागा. धाकटी मुलगी माझ्यामागून रांगत होती, आणि बरोबर जागा तिनेच आधी ओळखली, टीव्हीच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून तीन फूट अलीकडे.

६.००

चहा झाला आणि स्ट्रीमिंगची स्टिक लावली. ती टीव्हीच्या पाठीला थेट खोचली की वाय-फाय अडतं, म्हणून खोक्यात येणारी छोटी जोडवायर लावून ती बाजूला काढली. दादांनी विचारलं, स्ट्रीमिंगचा आवाज तबकडीपेक्षा कमी दर्जाचा ना? ब्ल्यू-रेपेक्षा हो. पण नेटफ्लिक्सचा ५.१ सेकंदाला ६४० किलोबिटपर्यंत जातो आणि ॲटमॉस ७६८ पर्यंत. डीव्हीडीवरचा डॉल्बी जास्तीत जास्त ४४८ होता, आणि नवी पद्धत त्याहून काटकसरी आहे. या हॉलमध्ये अडचण टाइलची होती, किलोबिटची नव्हे. ॲटमॉससाठी मात्र नेटफ्लिक्सचा प्रीमियम प्लॅन लागतो, आणि डब केलेल्या भाषांचे ट्रॅक काही ठिकाणी दोनच चॅनेलचे असतात. ऑडिओच्या यादीत भाषा निवडताना तेवढं बघायचं.

तपासायला मी ‘द डिसायपल’ लावते. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी चित्रपट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यातला गायक शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकलवर जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांची व्याख्यानं असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. बाई शांतपणे, थांबत थांबत बोलतात, मागे तंबोरा. तंबोऱ्याची जवारी आणि बाईंचा शब्द या दोन्ही गोष्टी एकमेकींना न झाकता ऐकू आल्या, तर खोली जमली. ‘साधना’ म्हणताना त्यातला ‘ध’ ऐकू यायला हवा. स्फोटांनी काही तपासता येत नाही, ते सगळ्याच सिस्टिमवर छान वाटतात.

ओठ आणि शब्द यांच्यात किंचित फरक होता. चित्र गुळगुळीत करण्याच्या सोयी टीव्हीने चालू ठेवल्या होत्या, त्यात चित्र मागे पडत होतं आणि आवाज आधी येत होता. आवाज आधी आला की माणसाला फार लवकर खटकतं, साधारण ४५ मिलिसेकंदांवरच. उशिरा आला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही, कारण लांबचा आवाज उशिरा पोचतो याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. त्या सोयी बंद केल्या, उरलेला फरक रिसीव्हरमध्ये भरला.

७.३०

खालच्या मजल्यावर गेले. बेल वाजवून सांगितलं, वर सिस्टिम बसवतोय, तुमच्या बेडरूममध्ये दोन मिनिटं उभी राहू का? तिथे मधला स्पीकर अजिबात ऐकू येत नव्हता, पण खर्ज स्लॅबमधून उतरत होता. वर येऊन सबवूफरखाली जाड रबरी पाय लावले आणि पातळी खाली आणली. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ची. रात्रीसाठी रिसीव्हरमधला नाइट मोड दाखवला. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. पुन्हा खाली जाऊन ऐकलं. काकूंनी मला थांबवून विचारलं, आमच्याही टीव्हीचं बोलणं कळत नाही, बघाल का?

८.१५

रिमोटचा कागद. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, आवाज गेला तर काय बघायचं, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. आप्पांनी त्यांना हवा असलेला जुना, कृष्णधवल मराठी चित्रपट लावला. त्याचा आवाज मोनो, एकाच चॅनेलचा. मुलं निराश झाली, बाजूचे स्पीकर गप्प होते. पण तसंच असायला हवं. रिसीव्हर दोन्हीकडचा सारखा आवाज ओळखतो आणि सगळा मधल्या स्पीकरकडे पाठवतो. तिथून नट आणि नटी पडद्यावर जिथे उभे आहेत तिथूनच बोलत होते. आप्पांनी खालच्या इंग्रजी ओळी बंद करायला सांगितल्या.

९.४५

घरी. वहीत आजच्या दोन घरांची नोंद केली: कुठल्या भोकात काय, ८० हर्ट्‌झ, मधला अधिक दोन, कोएक्स काढली. सिंहगड रोडच्या गृहस्थांचे फोटो आले आहेत. टीव्हीच्या मागची बाजू, शोकेस, आणि आईंची खुर्ची, जी हॉलच्या दारापाशी, टीव्हीपासून बरीच तिरकी आहे. त्यांनी एका साउंडबारची लिंकही पाठवली, आज रात्री सवलत संपते म्हणून. मी लिहिलं: आज काही मागवू नका. उद्या अकराला येते. आईंना सांगा, त्या वेळी घरी राहा, आणि खुर्ची आहे तिथेच असू द्या.